गढूळपणाचे माप

सिंगापुरात आम्ही नळाचे पाणी न उकळता पितो. या निश्चिंतीमागे अनेक उपकरणांचा पहारा असतो. गढूळपणा मोजणारा सेन्सर हे त्यांपैकी एक. तो पाण्यात प्रकाशझोत सोडतो आणि तरंगत्या कणांवर आदळून काटकोनात विखुरलेला प्रकाश मोजतो. मुसळधार पावसाने जलाशयात माती उतरली किंवा शुद्धीकरण केंद्रातील गाळणी निकामी होऊ लागली, तर हा आकडा चढतो.

मात्र सेन्सरचा आकडा खरा ठरण्यासाठी तो ज्ञात प्रमाणाशी ताडून बसवावा लागतो. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. भिंग पुसून प्रथम अतिसूक्ष्म गाळणीतून काढलेल्या पाण्यावर शून्य ठरवतात. मग गढूळपणा आधीच ठाऊक असलेली फॉर्माझिनची प्रमाण द्रावणे ठेवून एनटीयू या एककात आकडे जुळवतात. बुडबुडे आणि बाहेरचा उजेड टाळावा लागतो. जुळवणीत न वापरलेल्या एखाद्या द्रावणावर अखेरची पडताळणी होते. भिंगावर थर चढतो, दिवा मंदावतो, म्हणून हे काम ठरावीक काळाने पुन्हा करावे लागते. शाळेच्या प्रकल्पासाठी सेन्सर जोडणाऱ्या आमच्या मुलामुलींनी प्रमाण द्रावण तयारच घ्यावे. फॉर्माझिन बनवण्यासाठी लागणारे हायड्रॅझिन सल्फेट विषारी असते.

पाणी शुद्ध की अशुद्ध, या प्रश्नाचा निवाडा आमच्या पूर्वजांच्या काळी जातीने होत असे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव 1923 साली मुंबई विधिमंडळात संमत झाला. महाड नगरपालिकेनेही 1924 साली तसा ठराव केला. तरीही 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आणि सत्याग्रही चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा ते तळे 'बाटले' असे ठरवले गेले. मग शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांनी भरलेल्या 108 घागरींचा विधी करून सनातन्यांनी ते 'शुद्ध' केले. काठावर सेन्सर असता, तर ओंजळभर पाणी उचलल्याने त्याचा आकडा हलला नसता. घागरी पाण्यात रित्या होताना मात्र तो खचित चढला असता.

पुढे खटला चालला. अनादि वहिवाटीचा दावा सिद्ध झाला नाही आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. तिथेही पुरावाच निर्णायक ठरला.

सेन्सरलाही मर्यादा आहेत. त्याला कण कळतात, पण रोगजंतू ओळखता येत नाहीत. नितळ पाणीही घातक असू शकते, म्हणून इतर चाचण्या लागतात. आपल्या मापाची मर्यादा जाणणे हासुद्धा विवेकच होय.

लग्नाची बोलणी करताना पोटजात विचारण्याची सवय समुद्र ओलांडूनही येते. तेही एक मापच आहे. ते कोणत्या प्रमाणावर बसवले आहे आणि कोणी कधी पडताळले, असे आमच्या मुलांनी विचारले, तर त्यांना उद्धट म्हणू नये. महाडचा वारसा त्यांच्यापर्यंत पोहोचला, असे समजावे.