प्रशिक्षकाला पाच वर्षे द्या

कोरेगाव भीमा, शिक्रापूर, शिरूर, दौंड. पुणे जिल्ह्याच्या या पट्ट्यातल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर भल्या पहाटे भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी पळताना दिसतात. कुणी सोळाशे मीटरची वेळ लावून पाहतो, कुणी गोळा फेकतो, कुणी शंभर मीटरची सुरुवात पुन्हा पुन्हा घोटतो. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात आणि त्यातल्या एकेका गुणासाठी ही मुले महिनोन्‌महिने घाम गाळतात. दम, चिकाटी आणि शिस्त यांचा इथे तुटवडा नाही.

त्याच गावांतल्या महाविद्यालयांचे संघ मात्र स्पर्धा तोंडावर आली की घाईघाईने जमवले जातात. नोटीस लागते, जिमखान्यात नावे घेतली जातात, आठवडाभर सराव होतो आणि संघ विभागीय स्पर्धेला निघतो. पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरून परत येतो. फुटबॉल असो, कबड्डी असो की व्हॉलीबॉल, ग्रामीण महाविद्यालयांत बहुतेक ठिकाणी हेच घडते. पुढे कधीतरी माजी विद्यार्थी किंवा संस्थाचालक मनावर घेतात आणि मागणी एकच होते: चांगला कोच आणा.

मागणी चुकीची नाही. चांगला प्रशिक्षक संघाचे रूप पालटू शकतो, याचा देशातला सर्वांत ठळक पुरावा महाराष्ट्रातच आहे. पण तो पुरावा अर्धाच वाचला जातो. प्रशिक्षकाला अधिकार, वेळ आणि खालून सतत येणारी मुले मिळाली नाहीत, तर त्याच्या नेमणुकीचा उपयोग सत्काराच्या हारापुरताच उरतो.

विदर्भाचा क्रिकेट संघ १९५७-५८ च्या हंगामात पहिल्यांदा रणजी करंडकात उतरला. त्यानंतर साठ वर्षे त्याने अंतिम सामना पाहिला नव्हता. बाहेरचे संघ नागपूरला येत, धावांचा डोंगर रचत आणि परत जात. २०१७ मध्ये विदर्भाने चंद्रकांत पंडित यांना प्रशिक्षक नेमले. रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीत घडलेला हा यष्टिरक्षक भारताकडून पाच कसोटी सामने खेळलेला. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला होता. २०१६-१७ च्या अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली आणि मुंबईने त्यांना दूर केले. म्हणजे विदर्भाच्या दारात आले ते नुकतेच नाकारले गेलेले प्रशिक्षक.

पुढचा हंगाम आजही अंगावर काटा आणतो. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात विदर्भाने बलाढ्य कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवले. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या रजनीश गुरबानी या मुलाने दुसऱ्या डावात सात गडी बाद केले. इंदूरच्या अंतिम सामन्यात समोर दिल्ली होती. गुरबानीने हॅटट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी कामगिरी त्याच्याआधी फक्त तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी केली होती, तीही १९७२-७३ मध्ये. तरुण यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने नऊ गडी राखून करंडक उचलला. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून तो राखलाही. त्या सामन्यात डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव काढू दिली.

ही गोष्ट सांगताना सगळा प्रकाश पंडित यांच्यावर पडतो, आणि इथेच वाचन अर्धवट राहते. विदर्भ क्रिकेट संघटनेचे नागपूरजवळच्या जामठ्याचे मैदान २००८ मध्ये उभे राहिले. खेळाडूंना राहून शिकता येईल अशी अकादमी आली. कोळसा खाणीत काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळला आणि विदर्भातूनही तिथवर जाता येते, हे पोरांना डोळ्यांनी दिसले. कर्नाटकाचा गणेश सतीश आणि मुंबईचा वसीम जाफर हे अनुभवी खेळाडू पंडित यांच्याआधीच संघात आले होते. ज्या हंगामात मोठ्यांनी रणजी जिंकली, त्याच हंगामात विदर्भाच्या १९ वर्षांखालील संघाने कूचबिहार करंडक जिंकला. अंतिम सामन्यात अकोल्याच्या अथर्व तायडेने त्रिशतक ठोकले. बियाणे पेरलेले होते आणि पंडित यांनी पीक हाती लागेपर्यंत राखण केली. दोन्ही कामे सारखीच मोलाची आहेत.

याची खरी परीक्षा त्यांच्या जाण्यानंतर झाली. पंडित २०२० मध्ये मध्य प्रदेशकडे गेले. १९९९ मध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून त्यांनी रणजीचा अंतिम सामना गमावला होता. २३ वर्षांनी, जून २०२२ मध्ये त्याच मैदानावर त्यांच्या संघाने मुंबईला हरवून राज्याला पहिला रणजी करंडक दिला. इकडे एक मोठा माणूस गेल्यावर विदर्भ पुन्हा जुन्या जागी घसरायला हवा होता. तसे झाले नाही. २०२३-२४ मध्ये विदर्भ अंतिम सामन्यात होता आणि २ मार्च २०२५ रोजी नागपुरात केरळवर पहिल्या डावाच्या आघाडीच्या जोरावर त्याने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. यावेळी प्रशिक्षक होते विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान गनी. कर्णधार होता इंदूरला शतक काढणारा अक्षय वाडकर. हर्ष दुबेने एका रणजी हंगामात ६९ बळींचा विक्रम केला आणि पहिलाच हंगाम खेळणाऱ्या दानिश मालेवारने अंतिम सामन्यात १५३ धावा काढल्या. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाने घडवलेला संघ घरच्या प्रशिक्षकाच्या हाती सुखरूप राहिला, याला पुनर्बांधणी म्हणायचे.

पंडित यांच्या कडक शिस्तीचे किस्से पुष्कळ सांगितले जातात. गावाकडच्या मैदानांवर त्यांचा चुकीचा अर्थ निघण्याचा धोका आहे. ओरडणे, अपमान करणे, उन्हात उभे करणे यालाच शिस्त समजणारे कमी नाहीत. आयपीएलमध्ये पंडित कोलकाता नाइट रायडर्सचे प्रशिक्षक असताना त्यांची पद्धत परदेशी खेळाडूंना रुचत नसल्याचे डेव्हिड व्हीजा या खेळाडूने उघडपणे सांगितले होते. तोच संघ २०२४ मध्ये विजेता ठरला, हेही खरे. यातून घ्यायचे ते एवढेच: कडकपणा रोजच्या सरावाच्या नेमकेपणात असावा. वेळेवर येणे, अंगावर घेतलेले काम पुरे करणे, निवडीत कुणाचाही वशिला न चालणे. दहा किलोमीटरवरून एसटीने येणारी मुलगी एक दिवस उशिरा पोहोचली म्हणून तिला संघातून काढणे हा त्या शिस्तीचा भाग असू शकत नाही.

वेळ देण्याचे दुसरे उदाहरण अगदी ताजे आहे. अमोल मुझुमदार यांनी मुंबईसाठी रणजी पदार्पणात २६० धावा काढल्या, कारकिर्दीत अकरा हजारांहून जास्त प्रथम श्रेणी धावा केल्या, पण भारताची टोपी त्यांना कधी मिळाली नाही. जून २०२२ मध्ये पंडित यांच्या मध्य प्रदेशकडून जी मुंबई हरली, तिचे प्रशिक्षक मुझुमदारच होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या महिला संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. वर्षभरात टी-ट्वेंटी विश्वचषकात संघ गटातच गारद झाला. २०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकात दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून सलग तीन पराभव झाले. आपल्याकडच्या एखाद्या संस्थेत एवढ्यावर नवा माणूस शोधायला सुरुवात झाली असती. इथे धीर धरला गेला. उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांनी ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे लक्ष्य गाठले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सांगलीच्या स्मृती मानधनासह भारताच्या मुलींनी पहिला विश्वचषक उंचावला.

झटपट बदलाचीही उदाहरणे जगात आहेत. अमेरिकेत महाविद्यालयीन ‘अमेरिकन फुटबॉल’ हा लाखो प्रेक्षकांचा आणि प्रचंड पैशाचा खेळ आहे. इंडियाना विद्यापीठाचा संघ २०२३ मध्ये बारापैकी नऊ सामने हरला. त्या वर्षाअखेरीस कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक झाले आणि पुढच्याच हंगामात संघाने ११ सामने जिंकले, फक्त दोन गमावले. पण सिग्नेटी येताना आपल्या आधीच्या विद्यापीठातले डझनभर खेळाडू बरोबर घेऊन आले होते. तिथे खेळाडू एका विद्यापीठातून दुसऱ्यात सहज जाऊ शकतो आणि त्यासाठी पैसाही मिळतो. शिरूर किंवा दौंडच्या महाविद्यालयाला तयार संघ आणता येणार नाही, आणता कामाही नये. इथे मुले घडवावी लागतील, म्हणजे वर्षे लागतील.

अनुकरण करायचे तर सातारा जवळ आहे. पोलीस दलात नोकरी करणारे प्रवीण सावंत तिथे तिरंदाजी शिकवतात. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक स्पर्धेत कंपाऊंड प्रकारात अवघ्या १७ वर्षांची अदिती स्वामी विश्वविजेती झाली आणि पुरुषांमध्ये ओजस देवतळे. दोघेही सावंत यांचे शिष्य. ओजस तर नागपूर सोडून शिकण्यासाठी साताऱ्याला आला होता. एका जिल्ह्याच्या गावात एक प्रशिक्षक ठाण मांडून राहिला, त्यामुळे हे घडू शकले.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या रचनेत महाविद्यालयाचा संघ आधी विभागात खेळतो, मग आंतरविभागीय सामने होतात आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. ही शिडी उत्तम आहे, पण पहिल्या पायरीवर उभे करणारा माणूसच अनेक महाविद्यालयांत नाही. शारीरिक शिक्षण संचालकाचे पद रिकामे असते किंवा तासिका तत्त्वावर कुणीतरी येतो. जो माणूस मार्चनंतर नोकरीवर असेल की नाही हे त्यालाच ठाऊक नसते, तो प्रथम वर्षाच्या मुलाला तीन वर्षांचा आराखडा कसा देणार? जिथे संचालक आहेत तिथे प्रवेश, परीक्षा आणि निवडणुकीची कामे त्यांच्याच माथी येतात.

मुलांच्या अडचणीही खऱ्या आहेत. सणसवाडी, रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांत पाळी करून शिकणारा विद्यार्थी संध्याकाळी पाचच्या सरावाला येऊ शकत नाही. मुलींना शेवटची एसटी गाठायची असते. म्हणून सरावाचे वेळापत्रक गावाच्या वेळापत्रकाशी जुळवावे लागेल, आणि ते इथे राहणाऱ्या प्रशिक्षकालाच जमेल. सकाळी भरतीसाठी पळणारी मुले त्याच मैदानावर असतातच. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. खेळ आणि भरती एकमेकांच्या आड येत नाहीत, हे मुलांना आणि पालकांना कुणीतरी समजावून सांगायला हवे.

पैशाचे उत्तर या कारखान्यांतच आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचे व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण स्पष्टपणे नोंदलेले आहे. आज या निधीतून बाके, वॉटर कूलर आणि फलक येतात. त्यातून एका प्रशिक्षकाचा पाच वर्षांचा पगार आला, तर त्याचा उपयोग कितीतरी अधिक होईल.

म्हणून शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी एकत्र यावे. एका महाविद्यालयाला झेपत नसेल तर तिघांनी मिळून एक खेळ निवडावा, फुटबॉल किंवा कबड्डी, मुलांचा आणि मुलींचा दोन्ही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेला प्रशिक्षक नेमून त्याच्याशी पाच वर्षांचा लेखी करार करावा. संघ निवडण्याचा अधिकार पूर्णपणे त्याचा असावा. संस्थाचालक, प्राध्यापक, पुढारी कुणीही चिठ्ठी पाठवू नये. आजूबाजूच्या शाळांतली आठवी-नववीची मुले आठवड्यातून दोनदा त्याच्या मैदानावर यावीत, म्हणजे पाचव्या वर्षापासून महाविद्यालयाचा संघ त्यांच्यातूनच उभा राहू लागेल. पहिल्या दोन वर्षांत करंडक मागू नये. किती मुले नियमित आली, किती मुली दुसऱ्या वर्षीही टिकल्या, किती जण आंतरविभागीय संघापर्यंत पोहोचले, याचा हिशेब दर सहा महिन्यांनी पालकांसमोर आणि पैसे देणाऱ्या कंपनीसमोर मांडावा. शासनाने आपल्या बाजूने रिकामी पदे भरावीत आणि संचालकांच्या गळ्यातली कारकुनी उतरवावी. येत्या जूनमध्ये महाविद्यालये उघडण्याआधी प्राचार्यांची एक बैठक झाली, तरी हे काम याच वर्षी सुरू होऊ शकते.