राजदूताचा संसार

रशियाच्या दरबारीं अमेरिकेचे पहिले वकील म्हणून जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स १८०९ सालीं निघाले, तेव्हां आठ व सहा वर्षांचे दोघे मुलगे आजीआजोबांच्या देखरेखीखालीं मागें राहिले. जेमतेम दोन वर्षांचा चार्ल्स तेवढा बरोबर होता. हें ठरवितांना त्यांची पत्नी लुईझा हिला कोणीं विचारलेंही नाहीं. सेंट पीटर्सबर्गला झालेली मुलगी तेरा महिन्यांची होऊन १८१२ सालीं वारली. १८१५ च्या हिवाळ्यांत ती माउली चार्ल्सला घेऊन, चाळीस दिवस प्रवास करून, पतीकडे पॅरिसला पोंचली. थोरले मुलगे भेटले ते त्यानंतर लंडनला, जवळजवळ सहा वर्षांनीं!

आजीच्या नजरेखालीं मुलें सुखानें वाढतात, हें आपणांस ठाऊकच आहे. पण त्याआधीं आईला एक शब्द विचारावयास नको काय?