"सॉफ्टवेअरमध्ये बघून घेऊ!"

आमच्या धंद्यातल्या एका वाक्यावर कायद्याने बंदी घालायला हवी. "ते आपण सॉफ्टवेअरमध्ये बघून घेऊ." मीटिंगमध्ये हे ऐकू आलं की समजावं, कुठला तरी पार्ट कापला गेलाय आणि बिल माझ्यासारख्याच्या नावावर फाटणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका यंत्रात लेझरची तीव्रता कमी-जास्त करायचा कोड माझ्याकडे आला. मला वाटलं, पंख्याचा रेग्युलेटर! लेझरचा करंट वाढवा, कमी करा, झालं. पण करंट बदलला की डायोड लेझरची तरंगलांबीही थोडी सरकते, आणि ते आम्हाला चालणार नव्हतं. म्हणून लेझर एकाच पॉवरवर चालू ठेवून पुढे लिथियम नायोबेटचा मॉड्युलेटर लावला होता. आत प्रकाशाच्या दोन वाटा होतात. व्होल्टेज दिलं की स्फटिकाचा अपवर्तनांक किंचित बदलतो (पॉकेल्सचा हा परिणाम 1893 सालचा आहे बरं का), दोन वाटांमधला प्रकाश मागेपुढे होतो आणि पुन्हा एकत्र येतो. तरंग जुळले तर उजेड, अर्ध्या तरंगाने चुकले तर अंधार. भन्नाट प्रकार आहे.

मॉड्युलेटरनंतर एक छोटा फोटोडायोड होता, किती प्रकाश बाहेर पडतोय ते मोजायला. खर्च वाचवायला तोच उडवला. का? तर 'सॉफ्टवेअरमध्ये बघून घेऊ'. मीही मूर्खासारखी मान डोलावली. एका सकाळी बसून 256 आकड्यांचं टेबल बनवलं, अमुक तीव्रतेला तमुक व्होल्टेज. दुपारपर्यंत टेबल खोटं ठरलं.

कारण हा स्फटिक जागेवर राहत नाही. तापमान बदललं, आत विद्युतभार साचला, की अख्खा आलेख बाजूला सरकतो. पूर्ण अंधारापासून पूर्ण उजेडापर्यंत जायला 5 व्होल्ट लागतात असं धरा. आलेख फक्त अर्धा व्होल्ट सरकला, तर 50 टक्के मागितल्यावर 65 टक्के मिळतात. आणि जिथे अंधार हवा तिथे जवळपास अडीच टक्के प्रकाश गळत राहतो. कोडमध्ये एक ओळही चुकलेली नसताना!

"मग दर तासाला कॅलिब्रेट कर ना," असं सांगणारे भेटले. अरे बाबांनो, कशाने करू? मोजायचा डोळाच तुम्ही काढून घेतलात. न मोजता केलेल्या दुरुस्तीला कॅलिब्रेशन नाही, पंचांग म्हणतात.

माझा सॉफ्टवेअरवर राग नाही, पोट त्यावरच चालतं :-) उलट फोटोडायोड असता तर सॉफ्टवेअरने खरंच कमाल केली असती. व्होल्टेजवर एक बारीकशी थरथर सोडायची, प्रकाशात ती कशी उमटते ते पाहायचं. अगदी तळाशी असलो तर ती दुप्पट वारंवारतेने दिसते. सरकलो असलो तर मूळ वारंवारता डोकावते, आणि कुठल्या बाजूला सरकलो तेही कळतं. मग व्होल्टेज तेवढं हलवून परत जागेवर यायचं. टेलिकॉमवाले हे कधीपासून करतात. पण त्यासाठी कोडला काहीतरी दिसावं लागतं.

असो. माझ्या नावावरचा तो बग शेवटी 'पुन्हा आढळला नाही' असा शेरा मारून बंद केला गेला. टेस्टिंगवाल्यांनी सकाळी तपासला होता.