पहिला लघुपट आणि घरची पेढी

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील व्यापारी घरांत अलीकडे एक नवी मागणी गल्ल्यापर्यंत येऊन पोहोचते. मुलगा किंवा मुलगी माध्यमांचा, व्यवस्थापनाचा अथवा अभियांत्रिकीचा अभ्यास करीत असते; परीक्षेसाठी किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी दहा मिनिटांचा लघुपट करावयाचा असतो, आणि त्यासाठी कॅमेरा हवा असतो. भोसरीत हार्डवेअरचे दुकान चालविणाऱ्या वडिलांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. दुसरा प्रश्न असा की, यातून पुढे काय होणार. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांचा क्रम उलटा केला, तर किमतीचे उत्तर पुष्कळ स्वस्तात मिळते.

हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्यासमोर उभा होता. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, छायाचित्रण व मुद्रण जाणणारे. त्यांचा छापखाना काही काळ लोणावळ्यात होता, म्हणजे चिंचवड-आकुर्डीवरून मुंबईकडे जाणाऱ्या याच लोहमार्गावर. चित्रपट मात्र त्यांना नव्याने शिकावा लागला. विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा मिळविला. पण न पाहिलेल्या धंद्यात पैसा कोण घालणार? या खटपटीच्या काळात त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्यासमोर कॅमेरा रोवला आणि एकेक चित्र टिपत बीज फुटून वेल चढण्याची सारी क्रिया मिनिटाभराच्या फितीत बसविली. ती फीत पाहून कर्ज देणारे पुढे आले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला, त्याच्या मुळाशी हा वाटाणा आहे.

या कथेचा एक तपशील हिशेबी वाचकास खटकेल. फाळके महिनाभर रोज एकच चित्र घेत, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. मूकपटात सेकंदाला साधारण १६ चित्रे लागत. रोज एक याप्रमाणे महिन्याची ३० चित्रे होतात, आणि ती दोन सेकंदांत संपतात. मिनिटाभराच्या फितीला नऊशेच्या वर चित्रे हवीत. तेव्हा दिवसातून अनेकदा त्या कुंडीपाशी जावे लागले असले पाहिजे, किंवा फीत सांगितली जाते त्याहून लहान असली पाहिजे. काही असो, कामाचे स्वरूप त्यातून कळते: एकाच जागी, एकाच अंतरावर, प्रकाश सांभाळत, न कंटाळता.

व्यापारी भाषेत या वाटाण्याला वानगी म्हणावे. पोत्यातली मूठभर ज्वारी पाहून सौदा ठरतो. तसा फाळक्यांचा सौदा एका मिनिटावर ठरला. घरातील विद्यार्थ्याकडूनही कॅमेऱ्याच्या आधी अशीच वानगी मागावी. हाती असलेल्या मोबाइलवर एका मिनिटाची फीत करून दाखव, विषय दुकान उघडण्याचा. कुलूप, शटर, उंबरठ्यावर पाणी, पहिले गिऱ्हाईक. एवढे केले की काय कमी पडते ते मुलाला आपोआप उमगते, आणि बहुधा कमी पडणारी वस्तू कॅमेरा नसते.

पहिली अडचण प्रकाशाची. दुकानाच्या आत अंधूक उजेड आणि पाठीमागे रस्त्यावर लख्ख ऊन, अशा ठिकाणी फोन स्वतःच्या मर्जीने उजेड कमीजास्त करतो. ट्रक समोरून गेला की गल्ल्यावरच्या माणसाचा चेहरा क्षणात उजळतो, क्षणात काळवंडतो. यासाठी उजेड आणि फोकस दोन्ही कुलूपबंद करण्याची सोय फोनमध्येच असते. दुसरी अडचण दिव्यांची. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळसे ट्यूबलाइट व स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसते, आणि पडद्यावर काळे पट्टे सरकू लागतात. सेकंदाला २५ चित्रे आणि शटर ५० वा १०० भागांवर ठेवले की पट्टे बव्हंशी नाहीसे होतात. हे कळण्यासाठी लाखाचा कॅमेरा लागत नाही. एक संध्याकाळ आणि एक चुकलेली फीत लागते.

खरी परीक्षा ध्वनीची, आणि या पट्ट्यात ती विशेष कठीण. भोसरीत पॉवर प्रेसचा ठोका, चाकणच्या रस्त्यावर कंटेनरचे हॉर्न, तळवड्यात जनरेटरची घरघर, आणि घरात बसावे तर फ्रिज व पंखा. माणसाचा कान नको ते आवाज बाजूला सारतो. मायक्रोफोनला ही निवड येत नाही. दहा फुटांवर धरलेल्या फोनमध्ये आजोबांचे शब्द आणि रस्त्यावरचा टेम्पो एकाच मापाने भरले जातात. म्हणून जे काही पैसे खर्च करावयाचे ते प्रथम शर्टाला लावण्याच्या मायक्रोफोनवर करावेत. तेही नको असेल, तर दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून त्यावर आवाज घ्यावा. शिवाय प्रत्येक ठिकाणी, सर्वांनी गप्प उभे राहून, मिनिटभर नुसती शांतता ध्वनिमुद्रित करावी. गोदामाची शांतता आणि स्वयंपाकघराची शांतता वेगळी असते. संकलनात दोन वाक्ये जोडताना मधली फट त्याच शांततेने भरावी लागते.

चित्र एका यंत्रात आणि ध्वनी दुसऱ्यात, असे झाले की दोहोंचा मेळ घालावा लागतो. चित्रीकरणाच्या आरंभी पाटी दाखवून टाळी वाजवितात ती याचसाठी. पडद्यावर फळ्या मिटल्याचे चित्र आणि मुद्रणातला ‘टक्’ आवाज एकावर एक ठेवले की पुढचे सारे जुळते. पाटीवर दृश्याचा क्रमांक व कितवा प्रयत्न ते लिहिलेले असते, आणि वहीत त्याची नोंद असते: कोणता प्रयत्न चांगला, कोणता टाकाऊ, का. रोजमेळ आणि बँकेचे पासबुक ताडून पाहणाऱ्या घरात ही शिस्त शिकवावी लागू नये. तरीही नवशिक्यांचे लघुपट अडतात ते बहुतेक येथेच. वही ठेवलेली नसते, आणि दोनशे फायलींतून एक वाक्य शोधण्यात चार दिवस जातात.

फितीच्या काळात ही शिस्त पैशानेच लावली. १६ मिलिमीटरची ४०० फूट फीत अकरा मिनिटांत संपे. मग धुलाईचा खर्च, आणि निकाल हाती येईपर्यंत चूक कळत नसे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर परदेशी यंत्र उकलून पाहून स्वतःचा कॅमेरा घडविला; त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत दामले, फत्तेलाल आणि शांताराम होते. त्यांची ‘प्रभात’ १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. त्याच प्रभातच्या आवारात १९६० मध्ये चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था उभी राहिली, ती आजची एफटीआयआय. चिंचवडहून ती तासाभराच्या अंतरावर आहे.

या संस्थेतील एका लघुपटाला २०२४ मध्ये कान येथील विद्यार्थी विभागात पहिले पारितोषिक मिळाले. ‘सनफ्लावर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ हे त्याचे नाव. दिग्दर्शक चिदानंद नाईक हे वैद्यकीय शिक्षण घेऊन या क्षेत्रात आलेले. हा लघुपट दूरचित्रवाणीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमातील वर्षअखेरचा पाठ होता. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी या चार शाखांच्या चार विद्यार्थ्यांनी तो मिळून केला. चारांपैकी एक जण केवळ ध्वनीसाठी होता, हे कॅमेऱ्याची किंमत विचारणाऱ्या पालकांनी ध्यानात घ्यावे. फाळक्यांच्या घरीही काम एकट्याचे नव्हते. कोऱ्या फितीच्या कडांना छिद्रे पाडणे आणि चित्रित फीत रसायनात धुणे ही कामे सरस्वतीबाई शिकल्या, त्याही साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून.

दहा मिनिटांचा लघुपट एकट्याने करण्याचा हट्ट म्हणूनच धरू देऊ नये. चुलतभाऊ, शेजारची मैत्रीण, वर्गातला एखादा अबोल मुलगा ज्याचा कान चांगला आहे, असे तीन-चार जण असावेत.

घरच्या धंद्यावर लघुपट करावयाचा असेल, तर एक जोखीम आधीच बोलून घेतली पाहिजे. चाकणच्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या वर्कशॉपमध्ये जे भाग रॅकवर मांडलेले असतात, ते ग्राहक कंपनीच्या रेखाचित्रांवरून बनलेले असतात, आणि गुप्ततेचा करार बहुधा पुरवठ्याच्या कागदपत्रांतच असतो. अनेक कारखान्यांत प्रवेश करताना फोनच्या कॅमेऱ्यावर कागदी टिकली लावतात ती उगाच नव्हे. मुलाने कौतुकाने टिपलेला एखादा न आलेला भाग समाजमाध्यमावर गेला, तर वीस वर्षांचा पुरवठा धोक्यात येऊ शकतो. वडिलांनी ‘नको’ म्हणून विषय संपविण्यापेक्षा कोणता कोपरा चालेल हे स्वतः फिरून दाखवावे. कामगारांचेही तसेच. मालकाचा मुलगा कॅमेरा घेऊन समोर उभा राहिला, तर बिहारहून वा मराठवाड्यातून आलेला ऑपरेटर ‘नाही’ कसे म्हणेल? त्याला फीत कुठे दाखविली जाणार ते सांगून, मालक समोर नसताना विचारावे. आणि तयार फीत प्रथम त्यालाच दाखवावी. यंत्राचा आवाज चुकीच्या जागी जोडला असेल, तर तो सर्वांत आधी त्याच्याच लक्षात येईल.

संकलनासाठी ‘डाविंची रिझॉल्व्ह’सारख्या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती मिळते; मात्र तिला संगणक बऱ्यापैकी ताकदीचा लागतो. दुकानातल्या बिलिंगच्या संगणकावर ती रडतखडत चालेल. अशा वेळी हलक्या प्रती बनवून त्यांवर काम करावे आणि अखेरीस मूळ फायली जोडाव्यात. फोन चित्रांची गती बहुधा स्थिर ठेवत नाही, त्यामुळे लांबलचक मुलाखतीत ओठ आणि शब्द हळूहळू फारकत घेतात. चित्रण तुकड्यातुकड्यांनी घ्यावे, प्रत्येक तुकड्याला टाळी द्यावी.

राहिला जतनाचा भाग. ‘राजा हरिश्चंद्र’चा आज काही भागच उपलब्ध आहे; जुन्या मूकपटांतील बहुतेक फिती जळाल्या, कुजल्या किंवा चांदीसाठी विकल्या गेल्या. आजच्या विद्यार्थ्याची फीत जळत नाही, पुसली जाते. फोरके चित्रण तासाभराचे असेल, तर ते वीस जीबीच्या आसपास जाते; फोन भरतो, आणि जागा करण्यासाठी रात्री घाईघाईत काहीतरी उडविले जाते. म्हणून चित्रीकरणाच्या दिवशीच दोन हार्ड डिस्कवर प्रती कराव्यात, एक घरी ठेवावी, दुसरी दुकानात. दोन्ही उघडून, मधूनमधून चालवून पाहाव्यात, वहीतील नोंदींशी ताडाव्यात. फोन त्यानंतरच रिकामा करावा.