दहा संगणक आणि एक मास्तर

गेल्या महिन्यात भाचा घरी आला तो हातात कागद घेऊनच. तालुक्याच्या गावी त्याला संगणक प्रशिक्षण केंद्र काढायचे आहे, तेही वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून. कागदावर यादी होती : दहा संगणक, एसी, काचेचा दरवाजा, फिरत्या खुर्च्या, रस्त्यावरून दिसेल असा फलक.

‘मामा, काही राहिलंय का बघा.’

यादी दोनदा वाचली. शिकवणाऱ्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

‘तो काय, मिळेल की कुणीतरी कमी पगारात!’

हे उत्तर केवळ माझ्या भाच्याचे नाही. यंत्रे आणून ठेवली की शिक्षण आपोआप होते, ही आपली जुनी समजूत आहे. १९९९ साली सुगत मित्रा यांनी दिल्लीतल्या कालकाजीत, झोपडवस्तीला लागून असलेल्या भिंतीत एक संगणक बसवला आणि तिथली मुले तो आपापला चालवू लागली. प्रयोग विलक्षणच होता. पण त्यातून ‘मग मास्तर हवाच कशाला?’ असा सोयीस्कर अर्थ पुष्कळांनी काढला. कुतूहलाने खेळ उघडणे वेगळे आणि दुकानाचा महिन्याचा हिशेब तक्त्यात बिनचूक मांडणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीसाठी शेजारी बसून चूक दाखवणारे कुणीतरी लागते.

वारणेचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांत संगणक पोहोचवण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्याला सगळी माहिती गावातच मिळावी, असा मोठा बेत होता. प्रत्यक्षात ही यंत्रे मुख्यतः उसाच्या नोंदींसाठी वापरली गेली. पुढे काही गावांत तेच काम मोबाईलच्या संदेशांवर करून पाहिले, तर तेही जमले! लोक यंत्राकडून आपल्या गरजेपुरतेच घेतात. ती गरज आधी ओळखावी लागते.

केरळात २००२ साली मलप्पुरम जिल्ह्यात ‘अक्षय’ योजना सुरू झाली. घरटी एकाला संगणकाची तोंडओळख, हा तिचा उद्देश. शिकवण्याचा पहिला भर ओसरल्यावर ही केंद्रे बिले भरणे, अर्ज करून देणे अशा कामांवर टिकली. आपल्याकडे महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि ‘एमएस-सीआयटी’ गावोगाव पोहोचली. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागल्याने केंद्रांना विद्यार्थी मिळाले, हे खरेच. पण काही जण केवळ प्रमाणपत्रापुरतेच आले, हेही तितकेच खरे.

‘आता मोबाईल असताना केंद्र चालेल का?’ भाच्याची खरी भीती ही होती. मला वाटते, चालेल. आज मुलांचा अंगठा पडद्यावर भराभर फिरतो. पण पदवी घेतलेला मुलगाही स्वतःचा अर्ज मराठीत टाइप करायला झेरॉक्सवाल्याकडे जातो आणि पैसे मोजतो. ही अडचण मोबाईलने सुटलेली नाही. केंद्र उभे करायचे ते याच गरजेवर.

म्हणून मी त्याला सांगितले, संगणक सहाच घे. उरलेल्या पैशांतून चांगल्या शिक्षकाचा दोन वर्षांचा पगार बाजूला काढ. वीज जाणार हे गृहीत धरून इन्व्हर्टर घे. पहिल्या दिवसापासून युनिकोडमधली मराठी शिकव, म्हणजे इथे लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर चौकोन होऊन दिसणार नाही. फी हप्त्याने घे. दुपारची एक वेळ बायकांसाठी राख. आणि अभ्यासक्रम संपला तरी आठवड्यातून दोन तास सरावाला दार उघडे ठेव.

‘आणि पहिली विद्यार्थिनी म्हणून तुझ्या आईचं नाव घाल,’ मी म्हणालो. ‘घरातले पैसे तिचेही आहेत. तीन महिन्यांत तिला बँकेला स्वतःचं पत्र लिहिता आलं, तर तुझं केंद्र चालेल असं समज.’

भाच्याने काचेचा दरवाजा खोडला आणि यादीच्या वर लिहिले : शिक्षक, एक. फलक मात्र तसाच ठेवला. तेवढी हौस असू द्यावी.