दुखणे सोसू नका, पण गोळीचा हिशेब ठेवा

आपल्या वस्त्यांत अंगदुखीच्या गोळीला कोणी औषध मानतच नाही. चहा-साखरेसारखी ती घरात असते. धुणीभांडी करणारी भगिनी सकाळी चहाबरोबर एक गोळी घेते आणि कामावर निघते, कारण खाडा झाला तर पगार कापला जातो. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही. डायक्लोफेनॅकची गोळी चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे, पण तो कागदावर. धडधाकट माणसाचे एखाद-दुसऱ्या गोळीने सहसा काही बिघडत नाही. ज्या भगिनीला ल्युपस आहे तिचा हिशेब मात्र निराळा आहे, आणि तो तिला कोणी समजावून सांगत नाही, ही आमची तक्रार आहे.

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटणे. दर १० रुग्णांत ९ स्त्रिया असतात आणि आजार बहुधा ऐन उमेदीत, १५ ते ४५ वयात सुरू होतो. सांधे दुखतात, बारीक ताप येतो, केस गळतात, तोंड येते, उन्हात गेले की त्रास वाढतो. गालांवर आणि नाकावर चट्टा उठतो. पुस्तकातल्या चित्रात तो लाल असतो. आपल्या सावळ्या कातडीवर काळपट दिसतो आणि वांग म्हणून सोडून दिला जातो. मग कोणी संधिवात म्हणते, कोणी अशक्तपणा, कोणी बाहेरची बाधा. निदान होईपर्यंत कित्येकींची वर्षे दुखण्याच्या गोळ्यांवरच निघून जातात.

या आजारात रक्तवाहिन्यांना आतून सूज राहते, मूत्रपिंड बिघडले तर बीपी वाढते, आणि बराच काळ घेतलेल्या स्टिरॉइडने साखर व चरबीही वाढते. या सगळ्याचा भार हृदयावर पडतो. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या ५० पटींहून जास्त आढळले. त्या वयात बाईला झटका येणे मुळात दुर्मीळ, म्हणून आकडा इतका फुगलेला दिसतो. पुढच्या अभ्यासांत तो बराच खाली आला. पण धोका जास्त आहे, हे कोणी खोडलेले नाही.

आता गोळीकडे येऊ. रोफेकॉक्सिब नावाची सांधेदुखीची गोळी एकेकाळी जगभर खपत होती. ती घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात वाढल्याचे दिसल्यावर मर्क कंपनीने ३० सप्टेंबर २००४ रोजी ती बाजारातून काढून घेतली आणि त्याच वर्षी भारतातही तिच्यावर बंदी आली. लोकांना वाटले, वाईट गोळी गेली, विषय संपला. तो संपला नव्हता. २०१३ मध्ये शेकडो चाचण्यांची एकत्र छाननी झाली, तेव्हा आपल्या ओळखीची डायक्लोफेनॅकही त्याच पंक्तीत बसलेली दिसली. १००० माणसांनी वर्षभर मोठा डोस घेतला, तर गोळी न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ३ जणांना जास्तीचा झटका वा पक्षाघात होतो आणि त्यांतला एक दगावतो. आयब्युप्रोफेनचा मोठा डोसही निर्धोक नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा कडक केला, की हा धोका पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होऊ शकतो आणि हृदयविकार नसलेल्यांनाही असतो.

हजारात तीन म्हणजे फार नाही, असे कोणी म्हणेल. पण हा आकडा सर्वसाधारण रुग्णांचा आहे. ज्या बाईचा धोका मुळातच जास्त आहे, तिच्या बाबतीत त्याच गोळीने पडणारी भरही मोठी असते. शिवाय या गोळ्या अंगात मीठ-पाणी साठवतात, बीपी चढवतात, बीपीच्या औषधाचा जोर कमी करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. ल्युपस जिथे घाव घालतो, तिथेच ही गोळीही घालते. (जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे मेलेली गुरे खाऊन गिधाडे मूत्रपिंड बंद पडून मेली, म्हणून २००६ मध्ये त्याचा जनावरांसाठीचा वापर बंद झाला. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरे. तरी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.)

मग दुखणे सोसायचे का? मुळीच नाही. बाईने कळ काढावी, हे शहाणपण आपल्या घरांत पुष्कळ झाले. दुखणे खरे आहे, बुडणारी मजुरीही खरी आहे. आमचे म्हणणे एवढेच, की निवड डोळे उघडे ठेवून व्हावी. मूत्रपिंड ठीक आहे, बीपी ताब्यात आहे, हृदयविकार किंवा रक्ताच्या गाठी झालेल्या नाहीत, पोटात व्रण नाही, दिवस गेलेले नाहीत, अशा बाईला डॉक्टर थोडे दिवस कमीत कमी डोस देऊ शकतात. नॅप्रोक्सेनचा हृदयाला धोका त्यातल्या त्यात कमी दिसतो, पण पोट आणि मूत्रपिंडाला तीही सोडत नाही. बहुतेकींसाठी पॅरासिटामॉलपासून सुरुवात बरी, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात, कारण जास्त झाली तर यकृत जाते. आणि पाकिटावरचे नाव वाचा. बाजारातल्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅक एकत्र असते. दोन वेगळ्या नावांची पाकिटे घेतली, की तेच औषध दोनदा पोटात जाते. वैदूच्या 'वाताच्या पुडी'पासून तर लांबच राहा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे.

खरा मुद्दा याच्याही पलीकडे आहे. ल्युपस असलेल्या बाईला रोज दुखण्याची गोळी लागत असेल, तर तिचा आजारच आटोक्यात नाही. ल्युपसचे पायाचे औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मूळचे मलेरियाचे, जुने आणि फार महागडे नसलेले. पण त्याचा गुण यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. दुखण्याची गोळी तासाभरात आराम देते. म्हणून पैसे कमी पडले, की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुटते आणि दुखण्याची गोळी चालू राहते. हे नेमके उलटे व्हायला हवे. पैसे अपुरे असतील तर आधी ते औषध घ्या, आणि ठरल्या वेळी डोळ्यांची तपासणी करून घ्या. स्टिरॉइड चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका.

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा. रागावतील म्हणून लपवू नका. रक्त पातळ राहावे म्हणून छोटी अॅस्पिरिन चालू असेल तर आयब्युप्रोफेन तिचे काम अडवते, हे डॉक्टरांना पाकीट दिसल्याशिवाय कळणार कसे? "माझे बीपी किती, लघवीत प्रथिने जातात का, ही गोळी मला चालेल का," असे विचारा. सरकारी दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टर घाईत असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी विचारा. केसपेपरवर उत्तर लिहून मागणे हा उद्धटपणा नव्हे.

वस्तीतल्या मंडळांनाही एक सांगणे आहे. बीपी मोजण्याचे यंत्र दोनेक हजारांत मिळते. जयंतीच्या डीजेच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही. ते विहारात ठेवा, दर रविवारी महिला मंडळाच्या भगिनींनी मोजावे आणि वहीत लिहावे.

आणि ल्युपस असलेल्या बाईच्या छातीत दुखले, दम लागला, जबडा, पाठ वा हात भरून आला, एकाएकी पाय सुजले किंवा तोंड वाकडे झाले, तर वय ३०च आहे म्हणून गॅसची गोळी देत बसू नका. १०८ला फोन करा, आणि तिला ल्युपस आहे व ती कोणत्या गोळ्या घेते हे पहिल्याच वाक्यात सांगा.