पाय रुग्णाचा, फोटो कोणाचा?

रोहण्याचे एक शेतकरी मधुमेहाच्या तपासणीसाठी आले होते. त्यांनी मोबाईलवर एका तेलाची जाहिरात दाखवली. ‘मधुमेहाची जखम सात दिवसांत बरी!’ खाली दोन फोटो, एक चिघळलेल्या पायाचा, दुसरा भरून आलेल्या पायाचा. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हा तं माहाच पाय हाय!”

पाय त्यांचाच होता आणि दोन्ही फोटो मी काढलेले. मधे सात दिवस नव्हे, तर तीन महिन्यांचे ड्रेसिंग आणि इन्सुलिन होते. सल्ल्यासाठी मी ते डॉक्टरांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते. तिथून ते कसे बाहेर गेले, हे शोधण्याचे साधन माझ्याकडे नव्हते.

असे साधन आहे. त्याला अदृश्य डिजिटल वॉटरमार्क म्हणतात. नोट उजेडात धरली की गांधीजींचा चेहरा दिसतो, तशीच ही खूण. फक्त ती डोळ्यांना नव्हे, संगणकाला दिसते. डिजिटल फोटो म्हणजे लाखो ठिपके. कृष्णधवल फोटोत प्रत्येक ठिपक्याची उजळता साधारणपणे ० ते २५५ मधल्या आकड्याने नोंदवतात. १२० चे १२१ झाले, तर आपल्याला कळतही नाही. पण असे बारीक बदल एका गुप्त किल्लीनुसार हजारो ठिपक्यांत पसरवले, तर ती किल्ली असलेला संगणक त्यातून मालकाची ओळख वाचतो. प्रत्येकाला पाठवलेल्या प्रतीत वेगळी खूण घातली, तर फोटो कोणाच्या प्रतीतून फुटला हेही कळू शकते.

फोटोसोबतची तारीख आणि ठिकाणाची नोंद व्हॉट्सॲपवर गळून पडते. खूण मात्र चित्रातच मुरलेली असल्याने टिकू शकते. अर्थात, कच्च्या पद्धतीने घातलेली खूण फोटोचा आकार कमी होतानाच पुसली जाते. एक्स-रेच्या बाबतीत आणखी जपायला हवे. निदान ज्या मूळ प्रतीवरून करायचे, तिला हात लावू नये. खूण बाहेर जाणाऱ्या प्रतीवरच घालावी.

कायदाही पाठीशी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-ब आले. हक्काची अशी नोंद जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढून टाकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानेच मनाई आहे.

तरीही ही खूण म्हणजे कुलूप नव्हे. ती चोरी थांबवत नाही, चोरीचा पुरावा देते. शिवाय कॉपीराइट फोटो काढणाऱ्याचा किंवा तो ज्यांच्या नोकरीत आहे त्यांचा असतो. ज्याचा पाय, त्याचे नाव त्यात कुठेच नाही.

म्हणून माझे मत असे : सरकारी दवाखान्यांत रुग्णाचा फोटो काढताना लेखी संमती घ्यावी आणि त्या संमतीचा क्रमांक खुणेतच घालावा. फोटो दवाखान्याच्या यंत्रणेतूनच बाहेर जावा. ती सोय होईपर्यंत आम्ही डॉक्टरांनी रुग्णांचे फोटो ग्रुपवर टाकणे बंद करावे. यात मीही आलो.

निघताना त्यांनी विचारले, “फोटो माह्या पायाचा, तं मले काहून नाही इचारलं?” प्रश्न तेलवाल्याला होता. पण उत्तर मलाही द्यायचे होते.